काइटसर्फिंग शिकायचंय? आधी वावरात उभे राहा

मी गंगापूर तालुक्यातला. आमच्याकडून समुद्र बघायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते. तरीही गेल्या तीन वर्षांत मी काइटसर्फिंग शिकलो. म्हणजे मोठ्या पतंगाची ओढ कमरेला घेऊन, पाय फळीत अडकवून, पाण्यावरून पळायला शिकलो. शिकताना पैसे नको तिथे घातले, एकदा चुकीच्या महिन्यात गेलो, आणि कोपर सोलून घेतलं ते समुद्रात नव्हे, स्वतःच्याच वावरात. दर संक्रांतीला कुणीतरी विचारतंच, "दादा, ते कसं शिकायचं?" म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

या खेळात पाण्यापेक्षा पतंगाचं काम मोठं आहे. फळीवर उभं राहणं सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीचं बरंचसं कोरड्या जमिनीवर शिकता येतं, आणि कोरड्या जमिनीची आपल्याकडे कधी टंचाई नसते.

१. आपला पतंग विसरा

आपण येवल्याचे पतंग उडवत मोठे झालो. आसारी, म्हणजे फिरकी, हातात, मांजा बोटात. वारं जास्त झालं की ढील द्यायची, पतंग वळवायचा तर खेच मारायची. काइटसर्फिंगला जाताना ही सवय उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. वारं कुठून येतंय हे अंगाला कळतं, तेवढीच पडली. बाकी सगळी आड आली.

इथे ढील नावाची गोष्टच नाही. दोऱ्यांची लांबी ठरलेली असते, साधारण २० ते २५ मीटर. दोऱ्या चार. मधल्या दोन पतंगाच्या पुढच्या काठाला जातात आणि त्यांचा भार थेट तुमच्या कमरेच्या पट्ट्यावर येतो. बाजूच्या दोन हातातल्या दांडीच्या टोकांना असतात. दांडी जवळ ओढली की मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, पतंग वाऱ्याला आडवा होतो आणि जोर वाढतो. दांडी पुढे सोडली की जोर कमी. डावं टोक ओढलं की डावीकडे, उजवं ओढलं की उजवीकडे.

आता यातला सापळा बघा. माणूस घाबरला की हातातली वस्तू आवळून छातीशी धरतो. इथे दांडी आवळून छातीशी धरणं म्हणजे गाडी घसरत असताना ॲक्सिलेटर पिळणं. म्हणून पहिल्या दिवशी, पतंग आकाशात जायच्याही आधी, तीन गोष्टी पाठ करायच्या. पहिली: गडबड वाटली की दांडी सोडा. ती पळून जात नाही, दोऱ्यांवरच राहते आणि पतंगाचा बहुतेक जोर उतरतो. दुसरी: तेवढ्यानं भागलं नाही तर कमरेजवळची लाल खटकी ढकला. मग पतंग एकाच दोरीवर लटकतो आणि निपचित पडतो. तिसरी: तरीही ओढत असेल तर ती शेवटची दोरीही खटकीनं मोकळी करा आणि पतंगाला रामराम म्हणा. पतंग दुसरा मिळतो.

मी ही उजळणी घरी कमरेला पट्टा बांधून, डोळे मिटून करायचो. आजीला वाटायचं नातवाला काहीतरी झालंय. पण खटकीवर हात न शोधता गेला पाहिजे, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. वारं मोजायला शिका

या खेळात वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिकणाऱ्याला १२ ते २० नॉट बरे, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटर. २५ नॉटच्या पुढे नवख्यानं किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची गंमत बघावी.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १२ नॉटला आज्ञाधारक वाटणारा पतंग २४ नॉटला तुम्हाला उचलून फेकू शकतो. म्हणून सरासरीपेक्षा झोत बघा. सरासरी १५ आणि झोत १८ चा, तर चालेल. सरासरी १५ आणि झोत २८ चा, तर पतंग पिशवीतच राहू द्या. विंडी किंवा विंडगुरू या ॲपवर दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात. बहुतेक जण एकच बघतात.

आपल्याकडच्या वाऱ्याचं म्हणाल तर जून ते ऑगस्ट हे सरावाचे महिने. नैऋत्येचा मोसमी वारा पाऊस सह्याद्रीवर सांडून येतो. आपल्या वाट्याला ढगांची सावली आणि नुसतं वारं उरतं. शेतकऱ्याला त्याचा राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण पतंगासाठी ते वारं एकसारखं, एका दिशेचं असतं. याउलट एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा आणि वावटळी. त्या वेळी सराव नको. पालापाचोळा गोल फिरताना दिसला तरी पतंग खाली घ्या. वळवाच्या ढगाखालीही तेच. विजेचं तर सांगायलाच नको.

ज्यांनी खळ्यावर उफणणी केली आहे त्यांना वाऱ्याचा अंदाज आपसूक असतो. भुसा किती लांब पडतोय यावरून माझे आजोबा जे सांगायचे ते ॲपच्या फार लांब नसायचं.

३. वावरातला सराव

यासाठी सरावाचा छोटा पतंग घ्या, २ ते ३ चौरस मीटरचा. त्यात नळ्या नसतात, पंप लागत नाही. वारं त्याच्या कप्प्यांत शिरतं आणि तो गादीसारखा फुगतो. दोन किंवा तीन दोऱ्यांचा मिळतो. तीन दोऱ्यांचाच घ्या, कारण तिसरी दोरी मनगटाला असते आणि दांडी सोडली की पतंग निमूट खाली येतो. सगळ्या सामानात पहिल्या वर्षी विकत घ्यायची ही एकच वस्तू.

जागा निवडताना: विजेच्या तारा, खांब, झाडं, रस्ता, गोठा यांच्यापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला निदान १०० मीटर मोकळं. तारांजवळ उडवायचं धाडस कुणीही करू नये, दोरी कोरडी असो की ओली. नांगरलेलं रान नको. मी तिथेच गेलो होतो. पतंग एकदम समोर खाली आणला, ओढ आली, आणि दांडी सोडायची सोडून मी पळत सुटलो. ढेकळांत पाय अडकला आणि पुढचं अंतर कोपरांवर काढलं. कापणी झालेलं सपाट रान किंवा शाळेचं रिकामं मैदान बरं. संक्रांतीच्या आठवड्यात सराव बंद ठेवा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो आकाशात असतोच आणि दोऱ्या कापतो.

आता पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा आणि समोर उभं घड्याळ आहे असं समजा. डोक्यावर १२, उजव्या हाताला ३, डाव्या हाताला ९. या कडेकडेनं पतंग फिरवला तर ओढ कमी असते. घड्याळाच्या मधोमध, अगदी तुमच्या नाकासमोर, सगळ्यात जास्त. नवख्याचे बहुतेक अपघात पतंग नकळत त्या मधल्या भागात शिरल्यानं होतात.

सराव असा करा. आधी पतंग १२ वर पाच मिनिटं स्थिर ठेवा. मग ११ ते १ असा हळू हळू. मग १० ते २. मग पतंगाकडे न बघता, नजर समोरच्या बांधावर ठेवून. मग एका हातानं. शेवटी पतंग उडता ठेवून चालत जाऊन जमिनीवरची चप्पल उचला. हे सगळं सहज जमलं की समुद्रावर तुमचा एक अख्खा दिवस वाचेल. गावातली पोरं जमतील, त्यांना पतंगाच्या खालच्या बाजूला उभं राहू देऊ नका.

४. जायकवाडीचं पाणी दिसतं म्हणून

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. नाथसागर एवढा पसरलेला, वारंही आहे, मग तिथेच का नाही?

एक तर ते पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, आणि दहा चौरस मीटरचा पतंग डोक्यावरून फिरला तर ते थांबणार नाहीत. वन खातं आणि पाटबंधारे खातं या दोघांच्या परवानगीशिवाय तिथे काही करायचा विचारही करू नका. दुसरं, पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. धरणात गेलेल्या गावांचे अवशेष, जुन्या विहिरी, झाडांची खोडं, शिवाय मासेमारीची जाळी. पाणी ओसरलं की काठाला गाळ, त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो. गाळपेरा करणाऱ्यांना विचारा. आणि मदतीला बोट नसते. मांजरा, विष्णुपुरी, सगळीकडे कमीअधिक हेच.

५. पोहणं

आपण विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं. विहिरीत काठ हाताशी असतो. समुद्रात नसतो. लाट तोंडावर येत असताना, पाय टेकत नसताना, न घाबरता शंभर मीटर जाता आलं पाहिजे. शहरातल्या तलावात जाऊन एक महिना घाला. पाठीवर तरंगत श्वास सावरता येणं हे वेगानं पोहण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

६. सामान ओळखून घ्या

विकत घ्यायला नाही, ओळखायला. शाळेत सगळं मिळतं.

पतंग: पुढच्या काठाला हवेची जाड नळी असलेला. फ्रान्सच्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. त्या नळीमुळे पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तिथूनच पुन्हा उडवता येतो. हे नसतं तर हा खेळ इतका पसरला नसता, ऑलिम्पिकपर्यंत तर नाहीच. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या काइट शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या, आणि सिंगापूरच्या मॅक्स मेडर या १७ वर्षांच्या पोरानं कांस्यपदक नेलं.

पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये सांगतात. ढोबळ हिशोब असा: वजन किलोत, भागिले वारा नॉटमध्ये, गुणिले २.२. माझं वजन ७०. वारा १५ असेल तर १० मीटरचा पतंग, २० असेल तर ८ चा. हिशोब दोन आकारांच्या मधे आला तर नवख्यानं लहान घ्यावा.

दांडी आणि दोऱ्या: बहुतेक दांड्यांवर लाल टोक डाव्या हाताला असतं. उलटी धरली तर डावीकडे ओढल्यावर पतंग उजवीकडे जातो, आणि हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जोडताना दोऱ्या जमिनीवर पसरून बोटांतून शेवटपर्यंत चालत न्यायच्या. एकही पीळ, एकही गाठ राहिली नाही ना, ते बघायचं. मी अजूनही हे दोनदा करतो.

कमरपट्टा, म्हणजे हार्नेस: एक कमरेचा, एक मांड्यांतून घालायचा. शिकताना दुसरा बरा, तो छातीकडे सरकत नाही.

बोर्ड: दोन्ही टोकं सारखी असलेला. शिकताना थोडा मोठा आणि रुंद घ्यावा.

शिवाय हेल्मेट, छातीचा मार सोसणारं तरंगतं जाकीट, आणि दोऱ्या कापायचा छोटा आकडी चाकू. हेल्मेट घालून फोटो चांगला येत नाही म्हणून ते काढणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहू नका.

आणि पंप. नळीत साधारण ६ ते ८ पीएसआय हवा लागते आणि ती हातपंपानंच भरायची. माझ्या एका मित्रानं सुचवलं होतं की पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं एका मिनिटात होईल. होईल, आणि आतली पिशवीही त्याच मिनिटात फाटेल.

७. कुठे आणि कधी

आपल्याला सोयीचं रामेश्वरम. तिथे वाऱ्याचे दोन हंगाम: उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडचा वारा, डिसेंबर ते मार्च उत्तरेकडचा. ऋतू बदलला की त्याच बेटावर उडवायचा किनारा बदलतो. उथळ, सपाट पाणी मिळतं आणि पाय टेकतात. मी पहिल्यांदा ऑक्टोबर संपता संपता गेलो, दिवाळीची सुट्टी होती म्हणून. चार दिवसांत वारं आलं ते दीड दिवस. सुट्टी बघून हंगाम ठरवू नका. ओखा-रामेश्वरम ही आठवडी गाडी आपल्या छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडवरूनच जाते. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक तपासा.

गोव्यात मोरजीला दुपारच्या समुद्री वाऱ्यावर शिकवतात, पण वारं हलकं. पासपोर्ट असेल तर श्रीलंकेतलं कल्पिटिया, मे ते ऑक्टोबर. कोकणात पावसाळ्यात वारं भरपूर असलं तरी समुद्र खवळलेला असतो. तिकडे जाऊ नका.

कुठेही गेलात तरी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर उतरायचं नाही. अशा वेळी पाणी गुळगुळीत आणि शांत दिसतं, तोच त्याचा फसवा गुण. तो तुम्हाला आत नेतो आणि परत आणत नाही. किनाऱ्याला समांतर किंवा तिरकं जमिनीकडे येणारं वारं हवं.

८. शाळा आणि शिकण्याचा क्रम

स्वतःचं स्वतः, व्हिडिओ बघून शिकू नका. पाण्यात उतरून स्वतंत्रपणे थोडं जाता येईपर्यंत साधारण ९ ते १२ तासांचं शिक्षण लागतं. कुणाला जास्त.

क्रम असा: जमिनीवर पतंग जोडणं आणि खटकीची तालीम. मग पतंगाच्या ओढीनं, फळीशिवाय, पाण्यात पोटावर ओढलं जाणं. मग पडलेला पतंग पाण्यातून उचलणं. मग सुटलेल्या फळीपर्यंत वाऱ्याविरुद्ध जाणं. मग स्वतःची सुटका, म्हणजे दोऱ्या गुंडाळून पतंगालाच होडी करून किनाऱ्याला लागणं. हे सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळे टाळतात. टाळू देऊ नका, पैसे त्याचेच दिलेत. त्यानंतर फळी. पतंग १२ वरून झपकन खाली, पाय वाकवून, ओढीनं उठायचं. पहिल्या दिवशी मी नाकातोंडात एवढं खारं पाणी घेतलं की रात्री जेवताना भाजी अळणी लागली.

फोनवर शाळेला विचारायचे प्रश्न: एका पतंगावर किती विद्यार्थी? दोनपेक्षा जास्त सांगितले तर दुसरीकडे बघा. मी एके ठिकाणी तिघांत एक होतो. तीन तासांच्या पैशांत माझ्या हातात दांडी तासभरसुद्धा आली नाही. प्रशिक्षकाकडे आयकेओ या आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेचं किंवा तसं दुसरं प्रमाणपत्र आहे का? सुटकेची बोट आहे का? वारं पडलं तर उरलेले तास पुढे धरता का? शिकून झाल्यावर तुमच्या पातळीचं कार्ड मागून घ्या. दुसऱ्या ठिकाणी सामान भाड्यानं घेताना ते विचारतात.

९. बरोबर काय न्यायचं

आधार कार्ड, आणि परदेशी जाणार असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा. डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. दमा, फिट, पाठीचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं असेल तर ते लपवू नका. विमा असेल तर त्यात साहसी खेळ धरले आहेत का ते वाचा, बहुतेकदा नसतात. शाळा एक जोखमीचा फॉर्म सही करून घेते. तोही वाचा.

पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, पाण्यात न धुतलं जाणारं सनस्क्रीन, चष्मा असेल तर त्याची दोरी, शिंपल्यांसाठी पायात काहीतरी. आपल्याला उन्हाची सवय आहे हा समज तिथे दुपारपर्यंत उतरतो.

१०. सामान घ्यायचंच झालं तर

नवा पूर्ण संच लाखाच्या पुढेच जातो, म्हणून सगळे जुन्याकडे वळतात. हरकत नाही. पण २००५ च्या आधीचा पतंग फुकट मिळाला तरी नको. त्यांचा जोर दांडी सोडून पुरेसा उतरत नाही. पतंग घेताना फुगवून दोन-तीन तास ठेवा. सैल पडला तर आतली पिशवी गळते. कापड चुरगाळून बघा. चांगलं कापड कागदासारखं वाजतं, उन्हानं खाल्लेलं मऊ पडलेलं असतं. चारही दोऱ्या एका खांबाला बांधून ओढा, दांडी सरळ राहिली पाहिजे. खटकी स्वतःच्या हातानं पाच वेळा उघडून बघा. ती अडकत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

वापरल्यावर दांडी, खटकी आणि पट्टा गोड्या पाण्यानं धुवायचे, नाहीतर मीठ आणि वाळू खटकीत बसते. टँकरच्या दिवसांतही एक बादली पुरते, आणि तेच पाणी नंतर झाडांना नको, खारं असतं. पतंग सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घाला.

मी आमच्या अंगणात तो पसरतो तेव्हा शिवणींतून वाळू पडते. आजी ती वाया जाऊ देत नाही. रामेश्वरची वाळू काशीला गंगेत सोडायची असते, असं तिचं म्हणणं. तिच्या लेखी नातू तीन वेळा यात्रा करून आलाय. वाळूची डबी देवघरात आहे. काशीला ती कोण नेणार, हे अजून ठरलेलं नाही.